चायनाची की आपली? वेल्डिंग मशीन घेणाऱ्या पोरांसाठी चार शब्द

रमजानच्या आधी माझा भाचा घरी आला. आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड पास झालेला, त्यानंतर दोन वर्षं देगलूर नाक्याकडच्या एका उस्तादांच्या हाताखाली ग्रिल, गेट, शटरचं काम केलेलं. आता स्वतःचं दुकान टाकायचं म्हणत होता. जमवलेले बावीस हजार रुपये खिशात होते. चहा पिता पिता त्याने विचारलं, "मामू, मशीन कौनसी लेऊँ? चायना की क्या अपनी?"

माझे अब्बा तीस वर्षं फॅब्रिकेशनचं दुकान चालवत होते. मी शिक्षक झालो, पण शाळेतून आल्यावर मीही होल्डर धरलेला आहे. त्यामुळे नात्यातली, मोहल्ल्यातली पोरं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. आणि दर वेळी मला वाटतं, की प्रश्नच चुकीचा विचारला जातोय.

जून २०२० मध्ये गलवानची घटना घडली आणि चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा झाल्या. आमच्या बाजारातही झाल्या. त्यानंतर एक गंमत दिसली. तीच लाल-पिवळी डबी, तेच हँडल, तोच डिजिटल आकडा, फक्त नाव बदललेलं. काही ठिकाणी खोक्यावर तिरंगी पट्टीही आली. उघडून बघितलं तर आतलं कार्ड तिकडचंच. स्वस्तातल्या कितीतरी 'देशी' मशिनी म्हणजे बाहेरून आलेले सुटे भाग इथे जोडून वर आपलं स्टिकर लावलेल्या असतात. यात बेकायदेशीर काही नाही. पण तेवढ्यावर 'अपनी' म्हणून छाती फुगवावी असंही काही नाही.

खरं तर वेल्डिंगच्या धंद्यात शुद्ध देशी असं कधीच नव्हतं. ज्या लेप दिलेल्या रॉडने आपण काम करतो, तो स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गच्या डोक्यातून आला. त्याने १९०४ साली 'ईसाब' कंपनी काढली. आपल्याकडची जुनी नावाजलेली कंपनी, आजची 'अडोर', ती १९५१ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनबरोबर सुरू झाली. जुने कारागीर अजून तिला 'अडवाणी'च म्हणतात. आणि ज्या 'चायना' इन्व्हर्टर मशीनला आपण नावं ठेवतो, तिच्या पोटातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे आयजीबीटी. तो विकसित करण्याचं मोठं श्रेय बी. जयंत बालिगा यांना जातं. जन्म मद्रासचा, शिक्षण आयआयटी मद्रासचं, काम अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत, काळ १९८०च्या सुमाराचा. आता सांगा, मशीन कोणाची?

म्हणून मी पोरांना सांगतो, देश विचारू नका. चार गोष्टी विचारा. लाइट कशी आहे, काम कसलं आहे, स्टिकरवरचा आकडा खरा आहे का, आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार.

पहिली गोष्ट लाइटची. अब्बांची मशीन म्हणजे तांब्याच्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर होता. साठ-सत्तर किलोचं धूड, हलवायला दोन माणसं. दोन फेजवर चालायची, म्हणजे दुकानात थ्री फेज कनेक्शन हवं. रिकामी उभी असली तरी वीज खायची. पण व्होल्टेज खाली-वर झालं तरी तिला काही व्हायचं नाही. जळालीच तर वाइंडिंगवाले काका दोन दिवसांत तारा भरून द्यायचे. आणि मोडीत काढली तरी तांब्याचे पैसे यायचे. फक्त तांब्याच्या नावाखाली अॅल्युमिनियम भरलेलं नाही ना, हे पाहावं लागायचं. अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेतं. तेवढीच जाड तार भरली तर मशीन तापणारच.

इन्व्हर्टर मशीन पाच-सात किलोची. खांद्याला लटकवून मोटारसायकलवर साइटला नेता येते. घरच्या सिंगल फेजवर चालते. डीसी करंट असल्यामुळे पातळ चौकोनी पाइपला भोक पडत नाही, रॉड चिकटत नाही. नवीन पोराला, ज्याला लोकांच्या घरी जाऊन ग्रिल बसवायची आहे, तिच्याशिवाय पर्याय नाही. पण ती नाजूक आहे. उन्हाळ्यात खेड्यात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज १७० वर येतं. तेवढंच काम करायला मशीन मग जास्त करंट ओढते आणि तापते. आणि कुठे न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजवर चारशेच्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. कार्ड एका क्षणात जातं. त्यात कंपनीचा दोष नाही, चीनचाही नाही. व्होल्टेज कमी-जास्त झालं की लाइन तोडणारं कट-ऑफ बसवा. मशीनच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

दुसरी गोष्ट कामाची. ग्रिल, खिडक्या, कूलरचे स्टँड, शटर यांत बहुतेक काम १२ नंबर आणि १० नंबर रॉडचं, म्हणजे अडीच आणि सव्वातीन एमएमचं. बारा नंबरला साठ ते नव्वद अँपिअर लागतात, दहा नंबरला नव्वद ते एकशेतीस. ट्रॅक्टरची ट्रॉली, जाड अँगल, शेडचे कॉलम अशी कामं घ्यायची असतील तरच ८ नंबर रॉड आणि दीडशेच्या वरचा करंट लागतो. म्हणजे नवीन दुकानाला अडीचशेची मशीन लागतच नाही. खरे एकशेचाळीस-दीडशे अँपिअर देणारी मशीन पुरते. 'खरे' या शब्दावर माझा भर आहे.

कारण तिसरी गोष्ट स्टिकरची. हे जरा शांतपणे वाचा, साधा हिशेब आहे. हाताच्या वेल्डिंगमध्ये आर्कचं व्होल्टेज काढायची ठरलेली रीत अशी: करंटला ०.०४ ने गुणा आणि त्यात २० मिळवा. २५० अँपिअरला झाले ३० व्होल्ट. ३० गुणिले २५० म्हणजे ७५०० वॅट नुसते आर्कमध्ये. मशीनच्या आत जे वाया जातं ते वेगळंच. आता त्या मशीनची वायर बघा. बारीक वायर आणि १६ अँपिअरचा साधा प्लग. २३० गुणिले १६ म्हणजे जेमतेम ३७०० वॅट. जेवढं आत जातच नाही, तेवढं बाहेर येईल कुठून? असल्या प्लगवर मशीन फार तर सव्वाशे अँपिअर देईल. तरी स्टिकरवर २५० लिहिलेलं असतं, कधी ३०० सुद्धा. हे परदेशी मालावरही असतं आणि देशी स्टिकरवरही.

त्याच्या जोडीला ड्यूटी सायकल. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हे माप ४० अंश तापमानाला घ्यायचं असतं. बारीक अक्षरात कुठे २० किंवा २५ अंश लिहिलं असेल, तर ती मशीन आपल्यासाठी नाही. नांदेडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पंचवीस अंश कुठून आणणार?

आमच्या नात्यातल्या एका पोराला मीच अशी मशीन घेऊन दिली होती. दुकानदार म्हणाला अडीचशेची आहे, मी मान डोलावली. हिशेब करायचं सुचलं नाही. दुसऱ्याच महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, शेडचं काम चालू असताना ती बंद पडली. गिऱ्हाइकाचा अॅडव्हान्स लोखंडात गुंतलेला. दुकानदार म्हणाला, बिल कच्चं आहे, वॉरंटी कसली? पोराने पाहुण्यांकडून उसने घेऊन दुसरी मशीन आणली आणि ते पैसे फेडायला त्याला वर्ष लागलं. मशीन सात हजारांची होती. त्याला ती किती हजारांना पडली याचा हिशेब त्याच्या अम्मीला विचारा.

मदिनेच्या बाजारातली ती गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पैगंबर साहेबांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर वर कोरडं आणि आत ओलं. विकणाऱ्याला त्यांनी विचारलं, की ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. मापात मारणाऱ्यांवर तर कुरआनात एक अख्खी सूरह आहे, 'अल-मुतफ्फिफीन'. किलोत पन्नास ग्रॅम कमी देणारा आपल्याला गुन्हेगार वाटतो. मग सव्वाशे देऊन अडीचशेचे पैसे घेणारा कोण? आपल्यातलेही अनेक भाई हार्डवेअरच्या धंद्यात आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की स्टिकर कंपनीने लावलं असेल, पण जबान तुमची आहे. गिऱ्हाइकाला खरा आकडा सांगा.

आणि गिऱ्हाइकाने लाजू नये. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन दुकानात जा. साधा एसी क्लॅम्प चालणार नाही. दहा नंबरचे चार रॉड लागोपाठ जाळून बघा. जो दुकानदार हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

चौथी गोष्ट दुरुस्तीची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. ट्रान्सफॉर्मर भरणारे नांदेड-लातुरात गल्लोगल्ली मिळतात. इन्व्हर्टरचं कार्ड दुरुस्त करणारे बोटावर मोजण्याइतके. बहुतेक वेळा कार्ड हैदराबादला किंवा पुण्याला पाठवावं लागतं. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये भाग मिळतात, पण जाणं-येणं आणि वाट बघणं यात आठ-दहा दिवस जातात. तेवढे दिवस दुकानाचं भाडं चालू, हेल्परची मजुरी चालू, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे. म्हणून मशीनची किंमत म्हणजे बिलावरचा आकडा नाही. बिल अधिक बंद राहिलेले दिवस, अशी ती धरावी.

यातून माझं मत असं झालंय. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा निदान जबाबदार डीलर जिल्ह्यात आहे, जी पक्कं जीएसटी बिल आणि लेखी वॉरंटी देते, जिचं कार्ड सुटं मिळतं, ती मशीन घ्या. आज आपल्या भागात हे बहुतेक देशी कंपन्यांच्या बाबतीत खरं ठरतं, म्हणून माझा कौल तिकडे आहे. उद्या एखाद्या चिनी कंपनीने नांदेडात दुरुस्तीचं दुकान उघडलं, तर तिला नाही म्हणायचं कारण नाही. चार-पाच हजार जास्त जातील, जाऊ द्या. बिननावाची, बिनबिलाची मशीन मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. आणि ज्याचं काम एका जागी आहे, थ्री फेज आहे, गावाची लाइट खराब आहे, त्याने जुनी तांब्याची मशीन शोधावी. त्यात कमीपणा काही नाही.

एक मुद्दा जमातीतल्या मोठ्या लोकांसाठी. आपल्याकडे जकातीतून, चंद्यातून गरीब पोरांना मशिनी वाटल्या जातात. नियत चांगली असते. पण वीस पोरांना मशीन द्यायची म्हणून सगळ्यात स्वस्त बघितली जाते. फोटो निघतो, आणि पावसाळ्यापर्यंत अर्ध्या बंद. वीसऐवजी दहा द्या, पण चालतील अशा द्या. सोबत काळ्या काचेचं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि दुकानाला पक्कं अर्थिंग द्या. पावसात ओल्या चपलेने होल्डर धरणाऱ्या पोराला स्वस्त मशीन किती महागात पडू शकते, हे मी लिहायची गरज नाही.

सरकारचंही बघा. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, अवजारांसाठी १५ हजारांची मदत आहे. त्यात लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, वेल्डर नाही. लोहाराचा नातू आज भाता सोडून होल्डर धरतो, हे यादी करणाऱ्यांना दिसलं नसावं. मुद्राच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत बिनतारण कर्ज मिळतं, पण व्याज नको म्हणून आपली अनेक पोरं तिकडे फिरकत नाहीत आणि रोखीत जे बसेल ते उचलतात. अशांसाठी मोहल्ल्यात बिनव्याजी अवजार-फंड काढता येईल. आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या दोन-चार पोरांना इन्व्हर्टर कार्ड दुरुस्तीच्या कामाला हैदराबादला शिकायला पाठवता येईल. मोबाइल दुरुस्तीची दुकानं नांदेडात शेकड्यांनी झाली. कार्ड दुरुस्तीची चार झाली तरी पुष्कळ पोरांचे दिवस वाचतील.

भाच्याने शेवटी बारा हजारांची, पक्क्या बिलाची मशीन घेतली. उरलेल्या पैशांत ग्राइंडर, चांगली केबल, कट-ऑफ आणि हेल्मेट. कटर मशीन अजून उस्तादांचीच वापरतो. मी त्याला एकच नियम घालून दिलाय. ग्राइंडर मशीनपासून दूर चालवायचा, कारण लोखंडाचा भुगा पंख्यातून आत जाऊन कार्डावर बसतो आणि तिथेच शॉर्ट होतो. आणि दर जुम्याला, नमाजला जाण्याआधी, ब्लोअरने मशीन साफ करायची. परवा गेलो होतो. मशीन चालू होती, ग्राइंडर मात्र तिच्या शेजारीच ठेवलेला होता. पुन्हा सांगून आलोय.