विमानाने सायकल नेताना: पेटी, पिशवी की खोके?

मुलाची किंवा मुलीची सायकलिंगच्या संघात निवड झाली की घरात आनंद होतो आणि लगेच प्रश्न उभा राहतो. स्पर्धा दूरच्या राज्यात. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधला, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला वेलोड्रोम घ्या. तिथवर सायकल न्यायची कशी? रेल्वेच्या पार्सलने जाते, पण तारीख जवळ असली तर विमानच गाठावे लागते. पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली सायकल उतरताना वाकडी निघाली, तर वर्षभराची मेहनत आणि हप्ते दोन्ही वाया जातात. म्हणून निघण्याआधी चार गोष्टी समजून घेऊ.

सायकल नेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कडक प्लास्टिकची पेटी. सायकल सर्वांत सुरक्षित राहते ती हिच्यात; पण पेटी महाग, आणि तिचेच वजन १० ते १३ किलो. दुसरा मार्ग, आतून फोम लावलेली कापडी पिशवी. ही हलकी असते, गुंडाळून माळ्यावर ठेवता येते, मात्र वरून जड सामान पडले तर दबते. तिसरा मार्ग पुठ्ठ्याच्या खोक्याचा. नवी सायकल ज्यात येते ते खोके दुकानदार बहुधा फुकट किंवा थोड्या पैशांत देतो.

आता हिशेब करा. देशांतर्गत प्रवासात बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान नेऊ देतात. ९ किलोची सायकल १२ किलोच्या पेटीत घातली की २१ किलो झाले, म्हणजे ६ किलोचे जादा भाडे. तीच सायकल ४ किलोच्या खोक्यात १३ किलोत बसते. काही कंपन्या सायकलीसाठी वेगळे शुल्क घेतात. तिकीट काढण्याआधीच विचारावे. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्याला आमच्या मते खोकेच पुरते. वारंवार जाणाऱ्या खेळाडूंनी संघात मिळून एक पेटी घ्यावी.

खोके साधे असले तरी बांधणी पक्की हवी. पॅडल काढताना डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंचे पॅडल सैल होते. पुढचे चाक काढल्यावर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा घट्ट बसवावा, म्हणजे दाबाने चिमटा वाकत नाही. सर्वांत नाजूक भाग मागच्या गिअरचा. तो सोडवून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधावा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घालावी. चाकांतली थोडी हवा सोडावी. पाने, स्क्रू ड्रायव्हर खोक्यातच ठेवावेत. हातातल्या पिशवीत अडवले जातात. तपासणीत खोके उघडले जाऊ शकते, म्हणून चिकटपट्टीचा एक रोल जवळ असावा. परतीसाठी खोके जपून ठेवावे.

विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे. बांधणी कच्ची दिसली तर कर्मचारी ‘लिमिटेड रिलीज’चा टॅग लावतात, त्यावर सही केली की नुकसानीची जबाबदारी बरीचशी आपल्यावर येते. सही करण्याआधी वाचा, विचारा. बांधणी सुरू असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उतरल्यावर बाहेर पडण्याआधी तिथेच खोके उघडून पाहा. मोडतोड दिसली तर सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात ही तक्रार ७ दिवसांच्या आत करावी लागते. आपल्या देशात मात्र घरी परतून सवड मिळेल तेव्हा बघू, असे म्हणू नये.

आणि एक. सायकल सोडवणे-जोडणे हे काम मुलामुलींना स्वतः करू द्या. निघण्याच्या आठवडाभर आधी घरी दोनदा सराव करून घ्या. परक्या गावी, शर्यतीच्या आदल्या रात्री, ही शिकवणच उपयोगी पडेल.