वैमानिकांच्या विश्रांतीत सवलत नको

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला रात्रीच्या उड्डाणांच्या नियमांत जी सवलत मिळाली, तशी सवलत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने यापुढे कोणत्याही कंपनीला देऊ नये, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे.

तेव्हा इंडिगोची उड्डाणे रद्द झाल्याने प्रवाशांचे अतोनात हाल झाले, हे मान्य. पण त्यावर उपाय म्हणून मध्यरात्रीनंतर जास्तीत जास्त दोन लँडिंगचे बंधन सैल करणे म्हणजे कंपनीच्या नियोजनातील तूट वैमानिकाच्या झोपेतून वसूल करणे होय.

पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सर्वाधिक सुस्तावते. हॉटेलात पडदे ओढून दिवसा घेतलेली तुटक झोप रात्रीच्या झोपेची उणीव भरून काढत नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असल्यासारखी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्यात मोटारचालकाला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची! वैमानिकाची मद्यचाचणी होते. थकवा मोजणारी तशी नळी नाही. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्गावर रात्री गाडी हाकणारा चालक पापण्या जड झाल्या की सुरक्षित जागा पाहून थांबू शकतो. धावपट्टीकडे उतरू लागलेल्या वैमानिकाला ती सोय नसते.

कंपन्यांकडून येणारे थकव्याचे तिमाही अहवाल महासंचालनालयाने जाहीर करावेत. ‘मी थकलो आहे’ म्हणून उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाचा पगार कापला जाणार नाही, असा लेखी आदेशही काढावा.