किनाऱ्यावरचा खेळाडू

'सिव्हिलायझेशन ३' मधला एक डाव जुन्या खेळाडूंना पाठ असेल. खंडावरची मोकळी जमीन संपलेली असते, शेजाऱ्यांच्या हद्दी एकमेकींना भिडलेल्या असतात आणि हाताशी असते ती फक्त गॅली. किनारा धरून चालणारी ही नाव. खोल पाण्यात टर्न संपला तर ती बुडू शकते. तरीही खेळाडू तीन गॅली बांधतो आणि एकीमागून एक पूर्वेच्या काळोखात सोडतो. पहिली बुडते, दुसरीही बुडते. तिसरी कशीबशी अनोळखी किनाऱ्याला लागते आणि पडद्यावर एक नवा राजा बोलायला येतो. त्या टर्नपासून डाव पालटतो. दोन्ही खंडांना ओळखणारा तो एकटाच असल्याने इकडचे तंत्रज्ञान तिकडे आणि तिकडचे इकडे विकून तो दोन्हीकडून वसुली करतो. २००१ च्या मूळ खेळात तर नुसती ओळखसुद्धा विकता येत असे. सोने मोजा, पलीकडच्या राजाशी गाठ घालून देतो, असा सरळ सौदा.

२००३ च्या 'कॉन्क्वेस्ट्स' या विस्तारात हा ओळखीचा व्यापार छपाई यंत्राच्या शोधापर्यंत पुढे ढकलला गेला. बदल नियमांमधल्या एका ओळीचा, पण गेम डिझायनरने त्यापाशी थांबून विचार करावा असा. समुद्रापलीकडच्या माणसाची ओळख हा खेळातला एक माल आहे, त्याला किंमत आहे आणि तो कोणाच्या हाती किती काळ राहतो यावर अख्ख्या डावाचा तोल ठरतो, हे त्या एका ओळीने मान्य केले.

टर्नवर चालणाऱ्या साम्राज्यखेळांचे दुखणे मधल्या टप्प्यात असते. १९९३ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना अॅलन एमरिक यांनी या प्रकाराला 'फोर-एक्स' हे नाव दिले. शोध, विस्तार, वापर आणि संहार ही त्यातली चार कामे. त्यांतली पहिली दोन सर्वांत रंजक, आणि नेमकी तीच आधी संपतात. नकाशा उघडला, जमीन वाटली गेली की उरते ती कारकुनी: वीस शहरांच्या बांधकामयाद्या आणि कामगारांची ने-आण. कोण जिंकणार हे तोवर बहुधा कळलेले असते, त्यामुळे खेळाडू नवा डाव मांडतो. कितीतरी डाव अर्धवट सोडले जातात हे 'सिव्हिलायझेशन' बनवणाऱ्या फिरॅक्सिसनेही मान्य केले आणि 'सिव्हिलायझेशन ७' मधल्या युगांच्या रचनेमागचे ते एक कारण असल्याचे सांगितले.

या दुखण्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दोन उपाय झाले. एक, विस्ताराला किंमत लावणे. दुसरा, समुद्राला कुलूप घालून किल्ली मधल्या टप्प्यात देणे.

किंमत लावण्याचा इतिहास सलग वाचण्यासारखा आहे. 'सिव्ह ३' मध्ये राजधानीपासून दूरच्या शहराचे उत्पन्न भ्रष्टाचारात जाई. परक्या खंडावरचे शहर कितीही वाढले तरी हाती पडे उत्पादनाची जेमतेम एक ढाल आणि एक नाणे. वसाहत उभी करावी आणि तिच्याकडे पाहतही राहू नये, असा तो प्रकार. २००५ च्या 'सिव्ह ४' मध्ये सोरेन जॉन्सन यांनी हे उलटे केले. शहराचे उत्पन्न शहरापाशी ठेवले आणि देखभालीचा खर्च खजिन्यावर टाकला. घाईने पसरणाऱ्याचा खजिना रिकामा होतो, पण धीर धरला तर तेच शहर खर्च भरून काढते. पुढे 'बियाँड द स्वोर्ड' या विस्ताराने परखंडातल्या शहरांवर वेगळा वसाहतखर्च लावला आणि शेजारीच एक वाट ठेवली: तिथल्या शहरांना स्वतंत्र करून मांडलिक राज्य बनवा, खर्च संपेल. राखायचे की सोडायचे, हा निर्णय त्यामुळे खरा निर्णय झाला. 'सिव्ह ५' मध्ये प्रत्येक नव्या शहरामागे तीन असंतुष्टता आल्या आणि 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या विस्तारानंतर मध्यम आकाराच्या नकाशावर प्रत्येक शहरामागे संशोधन पाच टक्क्यांनी महाग झाले. परिणाम असा की चार शहरांवर थांबलेला खेळाडू सुखी आणि समुद्र ओलांडणारा दुःखी. इथे किंमत इतकी चढली की मालच कोणी घेईना.

'सिव्ह ६' च्या 'राइझ अँड फॉल'ने (२०१८) निष्ठेचा हिशोब आणला. तो जवळून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक शहराची निष्ठा शंभरपर्यंत असते. आसपासच्या नऊ षटकोनांतली लोकसंख्या तिला आपापल्या बाजूला ओढते. जेवढे अंतर जास्त, तेवढी ओढ कमी. एका टर्नमध्ये हा दाब जास्तीत जास्त वीस. म्हणजे परक्या राज्याच्या ऐन मध्यात, एक वस्तीचे शहर घेऊन उतरलेला सेटलर पाच टर्नमध्ये शहर गमावू शकतो. एकही सैनिक न हलता. तिथे टिकायचे तर राज्यपाल पाठवा, त्याचे आठ गुण मिळतात. शेजारी दुसरे आणि तिसरे शहर लगोलग वसवा, म्हणजे ती एकमेकांना धरून राहतील. या नियमामुळे एकट्या जहाजाने जाऊन कुठेही झेंडा रोवण्याची सवय मोडली. दोन-तीन सेटलर, एक राज्यपाल आणि थोडे सोने अशी तयारी करून मोहीम काढावी लागते. मधल्या टप्प्याला कामाचा विचार मिळाला तो असा. आणखी एक गोष्ट यात आहे, जिच्याकडे फार कोणी लक्ष दिले नाही: किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या संख्येला इथे पहिल्यांदा वजन मिळाले.

कुलूप आणि किल्लीचा इतिहास याहून जुना. सिड मायर आणि ब्रूस शेली यांच्या १९९१ च्या पहिल्या खेळातच ट्रायरीम जमिनीपासून सुटली की धोक्यात येई. 'सिव्ह ४' मध्ये ऑप्टिक्स आले की कॅराव्हेल निघते, पण सेटलर घेऊन जाणारे गॅलियन खगोलशास्त्रापर्यंत मिळत नाही. या दोहोंमधला काळ फार मोलाचा. दिसते, भेटता येते, पण घेता येत नाही; म्हणून बोलावे लागते. 'सिव्ह ५' ने भेटीलाच सत्तेची किल्ली केले. छपाई यंत्राचा शोध लागलेला आणि सर्व राज्यांना भेटलेला पहिला खेळाडू जागतिक परिषद भरवतो आणि यजमानपद मिळवतो. 'सिव्ह ६' मध्ये खोल समुद्र नकाशाशास्त्राने उघडतो. नॉर्वेला त्याआधी जहाजबांधणीनेच जाता येते आणि माओरींचा कुपे तर पहिल्याच टर्नला समुद्रातच असतो. एकच कुलूप आणि वेगवेगळ्या किल्ल्या, ही युक्ती नव्या डिझायनरांनी उचलण्यासारखी आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या 'सिव्ह ७' ने संपूर्ण मधले युग या कामाला दिले. शोधयुगात दूरदेश उघडतो. नकाशाशास्त्राने खोल पाण्यात जाता येते, पण जहाजबांधणी येईपर्यंत प्रत्येक टर्नला इजा होते. पलीकडे वसाहत, तिथला मौल्यवान माल, मग खजिन्याची जहाजे परत मायदेशी. आर्थिक वारशाची पायरी पूर्ण करायला या जहाजांमधून मिळणारे तीस गुण लागतात. मधला टप्पा यामुळे जागा झाला, हे निर्विवाद. पण मायदेश नेहमी इकडे आणि दूरदेश नेहमी तिकडे, हे ठरून गेले. तिसऱ्या डावात खेळाडूला जहाज सोडण्याआधीच माहीत असते की पलीकडे काय आहे आणि तिथून काय आणायचे आहे. गॅली बुडण्याच्या भीतीत जे होते, ते गुणांच्या तक्त्यात राहिले नाही.

याहून मोठी उणीव मात्र या साऱ्या मालिकेत पहिल्यापासून आहे. पलीकडचा किनारा कोणाचा?

'सिव्ह ४' मधला 'टेरा' नकाशा अजून अनेकांचा आवडता आहे. सगळी राज्ये जुन्या जगात जन्मतात आणि नव्या जगात असतात फक्त रानटी टोळ्या. त्यांच्याशी बोलता येत नाही, तह करता येत नाही; त्यांना हटवायचे आणि जमीन घ्यायची. २०१८ मध्ये 'सिव्ह ६' मध्ये क्री राष्ट्राचा नेता म्हणून पाउंडमेकर आला, तेव्हा पाउंडमेकर क्री नेशनचे हेडमन मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर आक्षेप घेतला. इतर लोकांना जिंकावे आणि त्यांची जमीन घ्यावी हे मूल्य क्री संस्कृतीचे नव्हते, आणि खेळ ते तिच्यावर लादतो, हे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप पोशाख किंवा चेहरेपट्टीबद्दल नव्हता, थेट नियमांबद्दल होता. 'सिव्ह ७' मध्ये टेकम्सेह आणि शॉनी लोक आणताना फिरॅक्सिसने शॉनी टोळीबरोबर बसून काम केले, ही चांगली सुरुवात झाली. पण विस्ताराचे नियम जिथे होते तिथेच आहेत.

वेगळे नियम करता येतात याचा दाखला जुनाच आहे. ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या १९९४ च्या 'कोलोनायझेशन' मध्ये मूलनिवासींच्या गावात साधा वसाहतकरी पाठवला तर तो तिथे एक कसब शिकून परत येई: कुठे ऊस, कुठे तंबाखू, कुठे कापूस. युरोपात एकच माल सारखा विकला तर भाव पडे, राजा कर वाढवत नेई, आणि अखेर स्वातंत्र्याचे युद्ध करावे लागे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना त्या खेळाने पूर्ण वगळले, हा त्याच्यावरचा मोठा आणि योग्य ठपका. तरी संपर्क म्हणजे शिकणे, आणि बाजार म्हणजे घसरणारा भाव, या दोन गोष्टी त्याने नियमांत उतरवून दाखवल्या.

मराठी डिझायनरांना या प्रश्नासाठी पुस्तकांतही दूर जावे लागत नाही. १५१० चा गोवा घ्या. शहर विजापूरच्या आदिलशाहीचे. अरबस्तानातून येणारे घोडे तिथे उतरत आणि विजयनगर व विजापूर दोघांनाही ते हवे असत. सिव्हच्या भाषेत हा किनाऱ्यावरचा एक षटकोन ज्याच्या हाती, त्याच्या हाती दोन शत्रूंच्या घोडदळाची नाडी. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कला गोव्यावर जाण्याचा सल्ला दिला तो होनावरच्या तिमोजाने, म्हणजे स्थानिक माणसाने, स्वतःचा हिशोब मनात धरून. फेब्रुवारीत शहर हाती आले, मे महिन्यात आदिलशाही फौजेने परत घेतले. आणि मग पावसाळा. पोर्तुगीज जहाजे मांडवीत अडकली, ऑगस्टपर्यंत बाहेर पडता येईना. नोव्हेंबरच्या २५ तारखेला शहर पुन्हा पडले. या एका वर्षात तीन पक्ष, एक मध्यस्थ, एक दुर्मीळ माल आणि एक बंद पडणारा समुद्र आहे. सिव्हच्या कोणत्याही भागात यातले शेवटचे अंग नाही. तिथला समुद्र एकदा उघडला की बारमाही उघडा.

पुढचा टप्पा आणखी बोलका. 'सिव्ह ६' मध्ये २०२१ साली आलेला पोर्तुगाल परक्या किनाऱ्यावर 'फेइतोरिया' म्हणजे वखार बांधतो आणि तिथे जाणाऱ्या आपल्या व्यापारमार्गांवर चार सोने आणि एक उत्पादन जास्त मिळवतो. सगळे गोड. प्रत्यक्षात वखारीमागे तोफा होत्या आणि समुद्रावर 'कार्ताझ' होता. पोर्तुगीजांचा हा परवाना नसेल तर जहाज पकडले जाई. मोगल बादशहाच्या जहाजांचीही त्यातून सुटका नव्हती. त्यावर कोकण किनाऱ्याने उत्तर शोधले. कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक म्हणजे परवाने काढले आणि ज्याने ते घेतले नाहीत त्याचे जहाज अडवले. बाहेरून आलेला नियम शिकून तोच आणणाऱ्यांवर फिरवणारा हा किनाऱ्यावरचा खेळाडू अजून कोणत्याही मोठ्या साम्राज्यखेळात उतरलेला नाही.

तो उतरवण्याचे काम इथल्या डिझायनरांनी हाती घ्यावे. सुरुवात तीन नियमांपासून करता येईल. पहिला, समुद्राचा ऋतू. 'ओल्ड वर्ल्ड' या खेळात सोरेन जॉन्सन यांनी एक टर्न म्हणजे एक वर्ष धरले आहे. त्याचे दोन करावेत, एक पावसाळ्याचा आणि एक नारळी पौर्णिमेनंतरचा. पावसाळी टर्नमध्ये खाडीत असलेले जहाज खाडीतच राहील. दुसरा, परवाना. बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक व्यापारमार्गाला कोणाचा तरी परवाना लागेल. तो देणे, नाकारणे आणि दुसऱ्याचा न मानणे, तिन्ही चाली असतील. तिसरा, मध्यस्थ. परक्या किनाऱ्यावरचा पहिला संपर्क राजाशी होणार नाही. तो तिथल्या एखाद्या व्यापाऱ्याशी, सरदाराशी किंवा नावाड्याशी होईल, आणि त्याला स्वतःचे उद्दिष्ट असेल. असे नियम असले की जहाजाने येणारा आणि किनाऱ्यावरून पाहणारा, दोघांनाही मधल्या टप्प्यात तेवढाच विचार करावा लागेल.

यासाठी मोठ्या कंपनीची वाट पाहण्याची गरज नाही. 'फ्रीसिव्ह' हा मुक्त खेळ १९९६ पासून चालू आहे आणि त्याचे नियम बाहेरच्या फायलींत लिहिलेले असतात. ते बदलायला इंजिन हलवावे लागत नाही. 'अनसिव्ह' हा 'सिव्ह ५' च्या धर्तीवरचा मुक्त खेळ साध्या मोबाइलवर चालतो आणि त्यात स्वतःची राज्ये, जहाजे, नकाशे घालता येतात. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' जगभर नेला. तो वेगळ्या जातीचा खेळ असला तरी इथून काम होऊ शकते हे त्याने दाखवले. आणि संगणकही नको असेल तर षटकोनी कागद, पेन्सिल आणि चार मित्र पुरतात. नियम चुकला की तो टेबलावर पाचव्या टर्नलाच उघडा पडतो.

हे मासिक वाचणाऱ्या डिझायनरांना आणि विद्यार्थ्यांना विनंती आहे की येत्या पावसाळ्यात कोकण किनाऱ्याचा एक छोटा नकाशा करावा. चौल, दाभोळ, गोवा, होनावर एवढी चार बंदरे पुरेत. वर सांगितलेल्या तीनपैकी एक तरी नियम घेऊन किमान पाच डाव खेळावेत. त्यांतले दोन किनाऱ्याच्या बाजूने. नियमांची पाने आणि प्रत्येक डावाच्या नोंदी संपादकांकडे पाठवाव्यात. कुठल्या टर्नला डाव कंटाळवाणा झाला, हेही त्यात आवर्जून लिहावे.