आधी तपासा, मग तोला

लखनौत अंगाने भरलेल्या सुनेला ‘खाते-पीते घर की’ म्हणत कौतुकाने मिरवतात. तीच कान दुखतो म्हणून दवाखान्यात गेली, की अनेकदा आधी ऐकावे लागते, ‘वजन घटवा!’ मग रक्तदाब, साखर अगदी ठीक का असेना. हा शेरा ज्या उंची-वजनाच्या सूत्रावरून मारतात, ते १८३० च्या दशकात मांडणारे बेल्जियमचे केतले मुळी डॉक्टर नव्हतेच. ते खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातले. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानेही बजावले, की नुसत्या या आकड्यावरून कुणाला आजारी ठरवू नये, कंबर मोजावी, अवयव नीट काम करतात का ते पाहावे. जादा वजनाचे धोके आहेतच. पण एकदा टोमणा खाल्लेली बाई उद्या छातीत गाठ हाताला लागली, तरी दवाखान्याची पायरी चढायला कचरते.