पहिला दिवस दोनदा घ्या

पावसाची एखादी दमदार सर पडली, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात दोन कामे एकदमच अंगावर येतात. वावरात कपाशीची डोबणी सुरू होते आणि महाविद्यालयात पदवीचे पहिले सत्र. दोन्हींना माणसे तीच लागतात. बारावी होऊन बी.ए., बी.कॉम.ला नाव घातलेली पोरे त्या आठवड्यात सरीवर वाकलेली असतात आणि वर्गात पंख्याखाली पाच-सात जण बसलेले असतात. प्राध्यापक येतात, कोऱ्या कागदावर नावे लिहून घेतात, ‘सगळे आले की सुरू करू’ म्हणतात आणि वीस मिनिटांत वर्ग रिकामा होतो. पहिल्या दिवसाची काही तयारी करायची असते, हेच आताशा कोणाच्या डोक्यात येत नाही. नवे सत्र उघडत असताना या तयारीबद्दल चार शब्द लिहिणे म्हणूनच आम्हाला गरजेचे वाटते.

ते पाच-सात जण मोजण्यासारखे वाटत नाहीत. पण त्यातली एखादी मुलगी घरी आठवडाभर हुज्जत घालून आलेली असते. बारावीपर्यंत तिचा एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट होता. आता सवलतीचा का होईना, पास काढावा लागतो. पदवीच्या पहिल्याच दिवशी शिक्षणाचा खर्च घराला रोख दिसू लागतो. संध्याकाळी आई विचारते, काय शिकवलं? ‘काहीच नाही’ हे उत्तर खरे असते आणि त्या घरात ते महागात पडते. उद्या वावरात चल, एवढेच मग ऐकायला मिळते. गळतीची कारणे शोधायला समित्या नेमल्या जातात. त्यांनी जुलैतल्या या एका संध्याकाळकडेही पाहावे.

तयारीची सुरुवात पुस्तकातून होत नाही, ती कार्यालयातल्या बाबूंच्या टेबलावरच्या प्रवेश नोंदवहीतून होते. कोणत्या गावाहून किती जण येणार, शेवटची बस किती वाजता निघते, गडचांदूरच्या बाजूचे किती आणि जिवतीच्या डोंगराकडचे किती, हे आदल्या दिवशी अर्ध्या तासात कळते. मग नावे. आपल्या वर्गात एकाच वेळी तीन मडावी, दोन आत्राम, चार राठोड असतात आणि सिडाम, कोडापे, जुमनाके असतात. बाहेरून आलेला प्राध्यापक हजेरी घेताना ही आडनावे अडखळत वाचतो, वर्ग हसतो आणि ज्याचे आडनाव तो मान खाली घालतो. नावे आधी दोनदा मोठ्याने वाचून पाहायला काही लागत नाही. तीन मडावींना तीन वेगळ्या नावांनी हाक मारता आली, की निम्मा वर्ग आपला झाला.

याच हजेरीत एक वाईट रीत शिरली आहे, ती मोडली पाहिजे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात, म्हणून पहिल्याच दिवशी ‘एस.टी.वाले उभे राहा, एस.सी.वाले हात वर करा’ असे पुकारले जाते. हेतू वाईट नसतो, काम उरकायचे असते. पण ज्या खोलीत कोणी कोणाला ओळखत नाही, तिथे पहिली ओळख जातीच्या रकान्याने करून दिली जाते. कोणत्या प्रवर्गाचे कोण, हे कार्यालयाला माहीत असतेच. अर्जाची सूचना फलकावर लावावी आणि ज्याला बोलवायचे त्याला खिडकीशी बोलवावे. वर्गात फक्त नाव आणि गाव.

भाषेचेही तसेच. या वर्गातल्या कोणाच्या घरी गोंडी असते, कोणाच्या घरी कोलामी, तांड्यावर गोरमाटी, सीमेकडच्या गावांत तेलुगू. मराठी सगळ्यांना येते, पण ती वावरातली आणि बाजारातली. विद्यापीठाच्या पुस्तकातली ‘संकल्पना’, ‘परिप्रेक्ष्य’, ‘अधोरेखित’वाली मराठी कोणाच्याच घरची नाही, प्राध्यापकाच्याही नाही. पहिल्या तासाला ती अंगावर फेकली, की पोरगं गप्प बसतं आणि त्या गप्प बसण्याला नंतर आपणच ‘अभ्यासात कच्चा’ असे नाव देतो.

आता शिकवायचे काय? नियम, पंचाहत्तर टक्के उपस्थिती, गणवेश, मोबाइलबंदी हे सगळे छापून भिंतीवर लावता येते. पहिल्या तासाला विषयच शिकवावा, आणि त्यासाठी या तालुक्याइतकी सोयीची जागा विरळा. इतिहासाच्या प्राध्यापकाने फळ्यावर फक्त पाच नोंदी लिहाव्यात. कोरपना जुन्या राजुरा तालुक्यातले आणि तो तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. पैनगंगेपलीकडे वणी आणि वर्धेपलीकडे चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजांच्या अमलाखाली, अलीकडचा काठ निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात, पण नांदेड जिल्ह्यात गेले. १९५९ मध्ये ते चांदा जिल्ह्याला जोडले गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. समोर बसलेल्या पोरीचा पणजा घराचा उंबरठा न ओलांडता इतक्या सरकारांचा रहिवासी होऊन गेला. राजुऱ्यात १७ सप्टेंबर पाळतात आणि नदीपलीकडच्या वणीला त्या दिवसाचे फारसे काही नसते, हे त्या पोरीने पाहिलेले असते. का, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

पुढचे काम घरी द्यावे. निजामाच्या काळात महसुली दफ्तर उर्दूत चाले आणि शाळेतही उर्दूचाच वरचष्मा. कोणाच्या घरी पेटीत जमिनीचा जुना कागद असेल, त्यावर न वाचता येणारी लिपी असेल, तर आजाला विचारून या, कागद आणू नका, फक्त पाहून या. साधन म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात रटाळ भाषेत असते. पेटी उघडली की ते प्रकरण घरात सुरू होते. आई जेव्हा विचारेल ‘काय शिकवलं’, तेव्हा मुलीला काही सांगावेच लागणार नाही, तीच उलट प्रश्न विचारत बसेल.

अर्थशास्त्राला तर शोधावेही लागत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते त्याहून कमी भावाने विकले गेले. तुझ्या बापाने हमीभावाखाली का विकले? इथून तास सुरू करावा. ओलाव्याची बारा टक्क्यांची अट होती, ती पुढे पंधरा केली. केंद्र लांब, पैसे उशिरा, व्यापारी रोख देतो आणि उसनवारीही त्याच्याचकडची. मागणी-पुरवठ्याचा आलेख त्यानंतर काढला तर तो फळ्यावरून वहीत आपोआप उतरतो. भूगोलवाल्यांनी रस्त्याकडेचा चुनखडीचा दगड घेऊन जावे. आवारपूर, गडचांदूर, उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यांचे पोट ज्या खडकावर चालते, तो कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला, आणि भूगर्भशास्त्रात त्या खडकांच्या समूहाला आपल्या पैनगंगेचेच नाव आहे. निम्म्या वर्गाचे काका-मामा त्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला असतात. समुद्राचे त्यांच्या कानावर क्वचितच गेलेले असते.

जागेकडे पाठ फिरवून वर्ग सुरू करता येत नाही, याचा दाखला जिल्ह्यातच आहे. वरोऱ्याला आनंदवनात १९६० च्या दशकात बाबा आमटेंनी महाविद्यालय उभे केले. इमारत बांधणारे हात कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांचे होते, आणि शिकायला येणारी मुले होती गावातली, धडधाकट घरांतली. ज्या काळात महारोग्याची सावली लोक टाळत, त्या काळात त्या आवारात पाय टाकणे हाच पहिला तास होता. पुस्तक उघडायच्या आधी अर्धे शिक्षण भिंतींनी केले. इतके धाडस प्रत्येकाला झेपणार नाही, पण आपल्या भिंती काय सांगू शकतात हे तरी पाहावे.

इथवर आम्ही प्राध्यापकाला कामे सांगितली. आता त्याची बाजू. पहिल्या दिवशी उभा राहणारा तो आहे कुठे? भरती वर्षानुवर्षे रेंगाळलेली, जागा रिकाम्या आणि गाडा तासिका तत्त्वावरच्या माणसांवर चालतो. नेट-सेट झालेला, कधी पीएच.डी. असलेला हा माणूस दरवर्षी नव्याने मुलाखत देतो आणि सत्र सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर त्याच्या हातात आदेश पडतो. तोवर तो अधिकृतपणे कोणाचा कोणी नसतो. प्रवेश नोंदवही त्याला कोण दाखवणार? कोणता पेपर आपल्या वाट्याला येईल हे माहीत नसताना त्याने कोणता दगड उचलून आणायचा? त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षाची मांडणीच बदलली आहे. मेजर, मायनर, कौशल्याचा पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली, क्रेडिट. एका क्रेडिटला पंधरा तास. एक वर्ष करून बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथे केले तर ऑनर्स. ही सगळी भानगड पहिल्या आठवड्यात पोरांना उलगडून सांगणारा माणूस हवा, आणि नेमका तोच आठवडा माणसाविना जातो. (बाहेर पडायच्या वाटा मात्र पोरांना आधी कळतात.) गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या या अशाच महाविद्यालयांसाठी. तासिका तत्त्वाच्या मुलाखती मे-जूनमध्ये उरकून सत्राच्या पहिल्या तारखेचे आदेश निघावेत, एवढा रेटा विद्यापीठाने आणि संस्थाचालकांनी शासनाकडे लावायला हवा. त्याला वेगळा निधी लागत नाही.

ते होईपर्यंत महाविद्यालयांच्या हातात एक गोष्ट आहे. पहिला दिवस दोनदा घ्यावा. जुलैत एकदा, जे पाच-सात येतील त्यांच्यासाठी, पूर्ण तास, काहीही न वगळता. आणि दुसऱ्यांदा नागपंचमीच्या सुमारास, डोबणी आणि पहिले निंदण आटोपून बाकीचे आले की. तसे वेळापत्रकातच छापावे, म्हणजे उशिरा आलेल्याला ‘इतके दिवस कुठे होतास’ हे ऐकावे लागणार नाही. तो कुठे होता हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असते. या दुसऱ्या दिवशी पेटीतला कागद पाहून आलेल्या पोरांनी काय पाहिले ते नव्यांना सांगावे, प्राध्यापकाने मधे कमीत कमी बोलावे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचा आदेशही बहुधा तोवर आलेला असतो, त्याच्यासाठी तर तो कागदोपत्रीही पहिलाच दिवस असेल.