डिटेक्टरवरची तारीख कोण वाचते?

पावसाळ्यात पाटणहून सडावाघापूरच्या पठारावर उलटा धबधबा पाहायला गर्दी होते. थंडीत कोयनानगर, हेळवाक, चाळकेवाडीकडे मुक्कामाला येणारे वाढतात. पूर्वी ही मंडळी लॉजवर किंवा तंबूत राहत. आता टेम्पो ट्रॅव्हलरचे घर केलेल्या गाड्याही या रस्त्यांवर येतात. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून या हौसेला सरकारी पाठबळही आहे. गाडीत पलंग, ओटा, शेगडी, सिलिंडर, फ्रिज, एसी आणि तो चालवायला जनरेटर. थोडक्यात, एका लहानशा खोलीत आख्खे स्वयंपाकघर आणि त्यालाच लागून झोपायची जागा. बाहेर पाऊस किंवा बोचरा वारा असला की खिडक्या घट्ट लावल्या जातात, आणि धोका तिथेच सुरू होतो.

धोका दोन वायूंचा आहे आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. ते हवेपेक्षा जड असते, गळले की जमिनीलगत साचते आणि ठिणगीची वाट पाहते. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडचे तसे नाही. तो सिलिंडरमधून गळत नाही, तर इंधन अर्धवट जळाले की तयार होतो. जनरेटरचा धूर, चालू ठेवलेले इंजिन, बंद जागेत पेटवलेली शेगडी, गॅस गिझर, इतकेच काय, धूर संपला म्हणून तंबूत आणून ठेवलेले निखारे, हे सगळे त्याचे उगम. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. वजन जवळजवळ हवेइतकेच, म्हणून तो सगळ्या खोलीत सारखा पसरतो. ‘आमचे नाक तिखट आहे, गॅसचा वास लगेच कळतो’ असे म्हणणाऱ्याचे नाक इथे काही कामाचे नाही.

रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे हवेत ऑक्सिजन भरपूर असला तरी मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गरगरते. घाटरस्ता चढून आलेल्या माणसाला यात काही वावगे वाटत नाही. ‘गाडी लागली’, ‘पित्त झाले’, ‘काल जरा जास्त झाली’ अशी समजूत घालून तो आडवा होतो, आणि झोपेतला माणूस डोकेदुखीची तक्रार करत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. सुरुवातीला नाना तर्क झाले. पुढे कालिकतच्या एनआयटीतील तज्ज्ञांनी तपास केला, तेव्हा जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातून आत शिरल्याचे निष्पन्न झाले. त्याआधी जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचेच आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले होते, ते उठलेच नाहीत. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि दोन दिवसांत विसरल्या जातात.

रुग्ण जिवंत दवाखान्यात पोचला तरी पेच संपत नाही. बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखेच दिसते, आणि बेशुद्धीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचे सॅच्युरेशन ते अठ्ठ्याण्णव दाखवते. नक्की निदानासाठी रक्ताची को-ऑक्सिमेट्री लागते, ती सोय तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसते. म्हणून इथे यंत्रापेक्षा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. रात्री कुठे झोपला होता? बरोबरच्यांचेही डोके दुखतेय का? मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले का? एकाच गाडीतले तिघे एकाच वेळी उलट्या करत असतील तर दोष दर वेळी जेवणाचाच नसतो. हे नातेवाइकांनी आपणहून सांगितले तर उपचार लवकर सुरू होतो. उपचार म्हणजे मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-सव्वा तास. शिवाय बरा होऊन घरी गेलेल्या काहींना दिवस-आठवडे उलटल्यावर विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे त्रास सुरू होतात. गर्भवती आणि लहान मुलांना धोका अधिकच.

एवढे सगळे टाळायला एक छोटी डबी पुरते. परदेशी कॅराव्हॅनमध्ये दोन्ही वायू ओळखणारा एकत्रित डिटेक्टर जमिनीपासून थोड्या उंचीवर बसवलेला असतो, कारण एलपीजी खाली साचतो. तो गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. आपल्याकडे मिळणारे अनेक स्वस्त डिटेक्टर फक्त एलपीजी ओळखतात. खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते काम तो करत नाही, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः वाचून घ्यावे.

खरी गोम मात्र पुढे आहे. हा डिटेक्टर पंखा-ट्यूबसारखा बिघडेपर्यंत चालवायचा नसतो. आतला रासायनिक संवेदक हळूहळू निकामी होतो. बहुतेकांचे आयुष्य पाच ते सात वर्षे, काहींचे दहा. मुदत संपली की तो ठराविक अंतराने टिकटिक करू लागतो, आणि लोक ‘बिघडला, नुसता ओरडतो’ म्हणत वायर काढून टाकतात. डिओडरंट, केसांचा स्प्रे, दारूची वाफ यांनीही एलपीजीचा संवेदक कधीकधी उगाच वाजतो, तेव्हाही तोच उपाय. ‘टेस्ट’चे बटण दाबून आवाज आला म्हणून निर्धास्त होणारेही आहेत. त्या बटणाने भोंगा आणि सर्किट चालू आहे एवढेच कळते, संवेदकाला वायू ओळखता येतो की नाही ते कळत नाही. ते कळायला डबीच्या मागची तारीख पाहावी लागते.

बदलणे अवघड नाही. बॅटरीची जोडणी तोडायची, दोन स्क्रू काढायचे, धन-ऋण वायरी नीट पाहून नवी डबी त्याच जागी बसवायची. सुरू झाल्यावर संवेदक तापायला काही मिनिटे लागतात, तोवर थांबायचे. बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहून ठेवायची. वायरिंगची सवय नसेल तर गाडीचा इलेक्ट्रिशियन हे काम थोडक्यात करून देतो.

डिटेक्टर असला म्हणजे गाडीत जनरेटर कसाही चालवावा, असे मात्र नाही. जनरेटरचा धूर खिडकीपासून दूर आणि वाऱ्याच्या दिशेने जाईल असाच हवा, आणि झोपताना तो बंदच हवा. रात्री भोंगा वाजला तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचे, डोकी मोजायची. एलपीजीचा वास असेल तर दिव्याचे बटणही दाबायचे नाही. सिलिंडर बाहेरून बंद करता येत असेल तरच करायचा. सामान आणायला परत आत जाणारा माणूस हा अशा घटनांतला नेहमीचा दुसरा बळी.

धोरणाने वाहनतळ, वीज, पाणी, स्वच्छतागृहे यांचा विचार केला, तो योग्यच आहे. त्यात झोपणाऱ्यांच्या श्वासाचाही व्हावा. तंदुरुस्ती तपासणीत निरीक्षक अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचतो, तशीच ही डबी उलटी करून मागची तारीख वाचली तर त्याचा एक मिनिटही जास्त जाणार नाही. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी, तंबू लावणाऱ्यांनी यासाठी नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि जुनी कॅराव्हॅन विकत घेणाऱ्याने टायर, इंजिन, गादी बघून झाली की पलंगाखालचा तो धूळ बसलेला चौकोन पुसून पाहावा. सात वर्षांपूर्वीची तारीख निघाली तर नव्या डिटेक्टरचे पैसे सौद्यातून वळते करून घ्यायला हरकत नाही.