गाडीची हजेरी

आमच्या घरात गाडी एक आणि चालवणारे चार. हे, माझे दीर, मी आणि नुकतंच लायसन्स मिळालेला थोरला मुलगा. गाडी छोटी, पेट्रोलवर चालणारी, सेकंडहँड घेतलेली. अम्मींचा दवाखाना, बाजार, नातेवाइकांकडे येणं-जाणं, सगळं तिच्यावरच. पेट्रोल कोणी भरायचं यावरून आमच्यात वाद होतात. बॉनेट कोणी उघडायचं यावरून कधी झाला नाही, कारण ते कोणी उघडतच नव्हतं.

मे महिन्यात भाचीच्या निकाहासाठी चिपळूणला गेलो होतो. परतीच्या वाटेवर गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि आंब्यांची पेटी. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो, तशी एसीची हवा गरम येऊ लागली. मुलाने काच खाली केली. थोड्या वेळाने डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. "वर पोहोचल्यावर बघू," हे म्हणाले. पुढच्या दोन वळणांतच बॉनेटमधून वाफ निघाली.

गाडी कडेला घेतली. वाफ कमी झाल्यावर यांनी बॉनेट उघडलं आणि हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला गेले. तेवढ्यात मागे थांबलेला एक ट्रकवाला ओरडला, "साहेब, हात मागे घ्या! घरी कुकर असा उघडता का?"

त्याच्या त्या एका वाक्याने यांचा हात वाचला. रेडिएटर खरोखर कुकरसारखाच असतो. बंद झाकणाखाली दाब असतो, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर तापलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि ते उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. तोंड, हात, डोळे, काहीच वाचत नाही.

तासाभराने इंजिन गार झालं. बाजूची प्लास्टिकची टाकी कोरडी होती. रबरी पाइपाची पट्टी सैल होऊन तिथून गळती होत होती. त्या भल्या माणसाने पट्टी आवळून दिली, आमच्या पिण्याच्या बाटल्या रेडिएटरमध्ये रिकाम्या केल्या आणि वर बजावलं, "एसी बंद ठेवा, दिवा लागला की तिथेच थांबा." थांबत थांबत कराडला पोहोचलो.

मेकॅनिकने रेडिएटर रिकामा केला, तेव्हा चहासारखं तांबूस पाणी निघालं. तो म्हणाला, "अजून थोडी दामटली असती तर इंजिनचं हेड वाकलं असतं." मग खर्च इंजिन उघडण्याचा झाला असता. आमचं पाइप, सफाई आणि नव्या कूलंटवर भागलं.

घरी आल्यावर चौकशी झाली. दिरांनी रमजानमध्ये टाकीत पाणी कमी पाहून नळाचं पाणी ओतलं होतं, दोन-तीनदा. अब्बा पूर्वी ॲम्बॅसॅडर चालवत, तेव्हा घाटात थांबून पाणी घालायचीच पद्धत होती. दिरांनी तेच लहानपणापासून पाहिलेलं. पण साध्या पाण्याने आत गंज आणि क्षार साचतात. कूलंट त्यालाही अडवतं. शिवाय पाणी पुन्हा पुन्हा कमी का होतंय, हे दिरांनी कोणाला विचारलं नाही.

आता माझी कबुली. गाडीखाली हिरवट, चिकट थेंब मी पाहिले होते. एसीचं पाणी असेल म्हणून पुसून टाकले. एसीचं पाणी स्वच्छ, बिनरंगी असतं. रंगीत आणि चिकट असेल तर ते कूलंट. काळं, तेलकट असेल तर ऑइल. शाळेत मी मुलांना "निरीक्षण करा, नोंद करा" म्हणून सांगते आणि घरी फडकं घेऊन नोंदच पुसली!

म्हणजे थोडंथोडं प्रत्येकाला माहीत होतं, पूर्ण कोणालाच नव्हतं. मला दोष गाडीपेक्षा यातच दिसला. म्हणून मी एक शंभरपानी वही आणून गाडीच्या कप्प्यात ठेवली. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, पाळीप्रमाणे एकाने दहा मिनिटं द्यायची आणि लिहून सही करायची.

काय पाहायचं? कूलंट टाकीवरच्या दोन रेषांच्या मध्ये आहे का. ऑइलची कांडी काढून, पुसून, पुन्हा घालून पाहायची. तेलाची खूण दोन निशाणांमध्ये हवी. छोट्या गाडीत ऑइल जेमतेम तीन लिटर असतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी झालं तरी फरक पडतो. ब्रेक ऑइलची पातळी पाहायची; ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. टायरची हवा किती हवी, हे बहुधा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, स्टेपनीचीही तपासायची. टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या की टायर बदलायचा, पावसाळ्यात तर त्याआधीच. गाडीखाली कुठे डाग आहे का, तेही बघायचं.

आणि दिव्यांची ओळख घरातल्या सगळ्यांना हवी. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार आहे. लाल म्हणजे थांबा, इंजिन बंद करा. "वर पोहोचल्यावर बघू" नाही.

बाकी सर्व्हिस किती किलोमीटरला, ऑइल कोणतं, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. आमची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत न उघडता पडली होती. सेकंडहँड गाडी घेताना ती मागून घ्या आणि खरंच वाचा.

परवा वही चाळली. मुलाने लिहिलं होतं: "कूलंट ठीक. मागच्या डाव्या टायरची हवा पुन्हा कमी. मागच्या रविवारीही कमी होती." मागच्या रविवारी दिरांची पाळी होती, त्यांनी फक्त हवा भरली होती. दोन नोंदी एकाखाली एक आल्या म्हणून लक्षात आलं. टायरमध्ये बारीक खिळा निघाला. त्याच आठवड्यात अम्मींना घेऊन आम्ही पुन्हा घाट उतरणार होतो.